मास्तर दीनानाथांचें नाट्यगायन व बैठक : एक पाठचिकित्सा

मास्तर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याविषयीं दोन मतें त्यांच्या हयातीपासून आजतागायत ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, या तरुण गवयानें रंगभूमीवरील पदांच्या मूळ चाली मोडल्या, राग मिसळले, आणि शब्दांवर तानांचा भडिमार करून नाटकाचें गाणें बैठकीच्या आखाड्यांत ओढलें. दुसरा पक्ष म्हणतो, त्यांनीं मरगळलेल्या पदांना तेज दिलें. दोन्ही पक्ष आपापल्या स्मरणावर किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मरणावर बोलतात. पुरावा पुढें ठेवून बोलणारे थोडे. सनदा, महजर आणि पोथ्या पारखणाऱ्या या त्रैमासिकांत गाण्याच्या परीक्षणाचें काय काम, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, वाद वरवर पाहतां रुचीचा दिसला तरी मुळांत तो पाठभेदाचा आहे, आणि पाठभेदाचा निवाडा कसा करावा हें या पृष्ठांच्या वाचकांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

प्रथम कालानुक्रम. दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 रोजीं गोमंतकांतील मंगेशी येथें झाला. मातुःश्री येसूबाई कलावंत समाजांतील. गाणें घरांत होतें. प्रारंभींचें शिक्षण बाबा माशेलकर यांजपाशीं झालें. किशोरवयांत ते किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले आणि 1918 सालीं, म्हणजे अठरावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळीचे एक मालक बनले. गडकऱ्यांच्या ‘भावबंधनां’तील लतिका, वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’तील (1927) तेजस्विनी, सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्गां’तील (1931) सुलोचना, आणि खाडिलकरांच्या ‘मानापमानां’तील धैर्यधर या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. 1934 सालीं ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा बोलपट निघाला. त्या उद्योगानें मंडळी आर्थिक दृष्ट्या खचली. 24 एप्रिल 1942 रोजीं पुण्यास ते वारले. वय 41. तेव्हां ज्यास आपण दीनानाथांचें गाणें म्हणतों तें बहुतांशीं एका तरुणाचें गाणें आहे, ही गोष्ट टीकाकारांनीं विसरूं नये. बहुतेक बैठकीचे गवई ज्या वयांत पिकूं लागतात त्या वयांत यांचा ग्रंथच आटोपला.

आतां ‘मानापमान’. या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीनें 12 मार्च 1911 रोजीं केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, व त्यांत उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी रंगभूमीवर प्रथमच इतक्या विपुलतेनें आला. पुढें 8 जुलै 1921 रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं जो संयुक्त प्रयोग झाला त्यांत केशवराव भोसले धैर्यधर होते. केशवराव त्याच वर्षीं 4 ऑक्टोबर रोजीं एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यांच्या मागून ज्या गायकानें धैर्यधराची पदें आपलीं केलीं तो दीनानाथ. आणि येथेंच वादाचें मूळ आहे. त्यांनीं टेंब्यांच्या चाली जशाच्या तशा घेतल्या नाहींत. अनेक पदें फिरवून बांधलीं, आणि आज घरोघर ‘मानापमाना’चीं पदें म्हणून जीं गायिलीं जातात त्यांतील कित्येकांचें रूप टेंब्यांचें नसून दीनानाथांचें आहे.

एक उदाहरण विस्तारानें घेऊं. धैर्यधराचें जें प्रेमसेवेचें पद, तें मूळ भीमपलासींत होतें. दीनानाथांनीं तें मुलतानींत गायिलें. ज्यांस रागांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण करतों. भीमपलासींत गांधार व निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. मुलतानींत ऋषभ, गांधार व धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. म्हणजे पांच स्वर बदलले असतां... नव्हे, मोजून पाहावें: ऋषभ, मध्यम, धैवत व निषाद हे चार स्वर बदलले, गांधार मात्र दोहोंत कोमलच राहिला. पण आरोहाची वाट पाहावी. दोन्ही रागांत चढतांना ऋषभ व धैवत वर्ज्य. दोन्ही रागांत निषादावरून षड्ज घेऊन गांधार-मध्यम-पंचमाकडे जावयाचें. दोन्ही दिवसाच्या उतरत्या प्रहरीं गावयाचे. म्हणजे चालीचा सांगाडा न हलवितां तिचा रंग तेवढा बदलतां येतो. पद्यांतील मात्रा तशाच ठेवून एखाद्या जाणत्यानें शब्दच पालटावे, तसा हा प्रकार आहे.

ज्यांनीं हस्तलिखितांचे पाठ मिळविले आहेत त्यांच्या लक्षांत येईल कीं, हा लेखकूचा हस्तदोष नव्हे. लेखकू चुकतो तेव्हां तो जवळच्या सारख्या दिसणाऱ्या अक्षराकडे घसरतो, किंवा अवघड शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द टाकतो. म्हणूनच दोन पाठांपैकीं जो अवघड तो मूळचा असण्याचा संभव अधिक, असा आपला दंडक. येथें तो दंडक उलटा पडतो. भीमपलासी सोपी, सुखद, श्रोत्यांच्या ओळखीची, मुलतानी कठीण. तिचा कोमल ऋषभ व तीव्र मध्यम यांचें नातें संभाळणें कसलेल्या गळ्याचें काम आहे. आणि तरीही कठीण पाठ उत्तरकालीन आहे, हें आपणांस निश्चित ठाऊक आहे. याचा अर्थ असा कीं, गाण्यांत पाठ बदलणारा नकलनवीस नसतो. तो जाणून अवघडाकडे जातो. जुन्या पोथीच्या चिकित्सेचे नियम गाण्यास सरसकट लावूं पाहणाऱ्या मित्रांनीं एवढा भेद ध्यानांत ठेवावा.

आमच्या संग्रहीं ‘मानापमाना’च्या पदांची एक जुनी पुस्तिका आहे. मुखपृष्ठ गेलें आहे, दोरा सुटला आहे. पदाच्या माथ्यावर राग, ताल व चाल छापण्याची त्या काळची जी पद्धत होती तिला अनुसरून या पदाच्या माथ्यावरही छापील मजकूर आहे. पण रागाच्या नांवाखालीं कोणा अज्ञात मालकानें पेन्सिलीनें ‘मुलतानी’ असें लिहून ठेविलें आहे. अक्षर बाळबोध, वळण शिक्षिताचें. पुस्तिकेच्या दृष्टीनें हा समासांतील टीपेचा एक शब्द. परंतु आमच्या मतें छापील राग व पेन्सिलीचा राग हे एकाच पदाचे दोन पाठ एका पानावर नोंदविले गेले आहेत, आणि नोंदविणारा गवई नसून श्रोता आहे. प्रयोग पाहून किंवा तबकडी ऐकून घरीं आल्यावर पुस्तिका दुरुस्त करावी, इतकें त्यास हें महत्त्वाचें वाटलें. ‘दुरुस्त’ हा शब्द आम्ही जाणून वापरतों. त्या श्रोत्याच्या लेखीं छापील राग चूक ठरला होता.

मग हा प्रक्षेप म्हणावा कीं शाखा? महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम भांडारकर संस्थेंत 1919 मध्यें सुरू झालें व 1966 मध्यें पुरें झालें, डॉ. सुकथनकरांनीं 1933 सालीं आदिपर्व पुरें केलें तेव्हां कित्येक लोकप्रिय कथा तळटीपांत व परिशिष्टांत गेल्या. भाविकांस तें रुचलें नाहीं. पण सुकथनकरांनीं त्या कथा फेंकून दिल्या नाहींत. आपापल्या प्रतींच्या नांवांसह जपून ठेविल्या. टेंब्यांची चाल ही ‘मानापमाना’ची मूळ संहिता, ती तशी नोंदली गेलीच पाहिजे, आणि दीनानाथांची चाल टेंब्यांच्या नांवावर खपविणें हा त्या दोघांवरही अन्याय आहे. परंतु तिला प्रक्षेप म्हणणेंही बरोबर नाहीं. प्रक्षेप आपलें कर्तृत्व लपवितो; दीनानाथांचा पाठ उघड्या रंगमंचावर, गाणाराच्या स्वतःच्या नांवानें, हजारों लोकांसमक्ष आला. आमच्या टापूंतील उदाहरण द्यावयाचें तर उमरठच्या तानाजी मालुसऱ्याचा पोवाडा घ्यावा. तुळशीदास शाहिराचा तो पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं 1891 सालीं छापिला. परंतु गाणाऱ्या शाहिरांनीं तो आपापल्या परीनें वाढविला, घटविला, चाली बदलल्या. छापील संहिता अभ्यासकाची, गायिलेली शाखा लोकांची. दोहोंची वंशावळ एकत्र मांडावी; एकीस दुसरीच्या पोटीं गडप करूं नये.

येथवर पाठाचा विचार झाला. आतां गुणदोषांचा.

संगीतशास्त्रांतील आमचा आधार शार्ङ्गदेव. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं श्रीकरणाचा अधिकार चालविणारा हा पंडित कागदपत्रांचाच माणूस. म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांस तो परका नाहीं. ‘संगीतरत्नाकरां’त त्यानें गायकांचे पांच प्रकार सांगितले आहेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. पहिला उणीव न ठेवतां शिकवूं शकतो, दुसरा दुसऱ्याच्या ढंगाचें अनुकरण करतो, तिसरा रसांत स्वतः बुडतो, चौथा श्रोत्यांचें रंजन करतो, आणि पांचवा गीतांत नवा उत्कर्ष घालतो. पुष्कळांचा समज असा कीं, नाटकांतील गवई म्हणजे रंजक, बैठकीचा गवई म्हणजे शिक्षाकार, आणि बस्स. दीनानाथांस या वाटणींत बसविणें कठीण जातें. ते अनुकार मुळींच नाहींत. बालगंधर्वांच्या गोड, लयींत झुलणाऱ्या गायकीचें साम्राज्य असतां त्यांनीं तिची नक्कल केली नाहीं, एवढ्यानेंच त्या काळांत धैर्य लागत असे. पंजाबी ढंगाच्या हरकती, टप्प्याच्या अंगाची तुटक-चपळ तान, राजस्थानी मांडाची लकेर, हा सर्व ऐवज त्यांनीं बाहेरून आणला व मराठी पदांत ओतला. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेंत ते भावक होत.

पण त्याच ग्रंथांत गायकाचे पंचवीस दोषही दिले आहेत, आणि प्रतिपक्षानें त्यांतील ‘मिश्रक’ हा शब्द दीनानाथांवर फेंकावा हें साहजिक आहे. मिश्रक म्हणजे शुद्ध व छायालग रागांची सरमिसळ करणारा. आरोप निखालस खोटा नाहीं. तबकड्यांतून ऐकूं येणाऱ्या कांहीं पदांत एखादी तान आपल्या रागाचें अंगण ओलांडून शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन येते. बैठकींत जुन्या घराण्याच्या जाणत्यानें यास कान टोंचला असता. आमचें म्हणणें असें कीं, दोष ठरवितांना स्थळ पाहावें. नाटकांतील पद हें एका पात्राच्या मनःस्थितीचें वाक्य आहे. रागाचें संपूर्ण व्याकरण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याजवर नाहीं. संस्कृत नाटकांत विदूषक प्राकृत बोलतो म्हणून कोणी कालिदासाचें व्याकरण काढीत नाहीं. जेथें सरमिसळीनें पात्राचा भाव उजळतो तेथें ती गुण. जेथें नुसता गळ्याचा चमत्कार उरतो तेथें दोष. दीनानाथांत दोन्ही आहेत.

पहिल्याचा उत्तम नमुना म्हणजे धैर्यधर. नाटकांत हा दरिद्री पण मानी सेनापति; धनाढ्य भामिनी त्याचा अपमान करते, आणि पुढें वनमाला होऊन त्याच्याच शौर्यावर मोहित होते. अशा पुरुषाच्या तोंडीं केवळ लाडिक शृंगार शोभत नाहीं. वीरांस वंदन करणारें त्याचें पद दीनानाथांच्या तबकडींत ऐकावें : पहिल्या कांहीं आवर्तनांतच आवाज वरच्या स्वरांकडे झेप घेतो, आणि तान संपते तेथें शब्द तलवार म्यान करावी तसा बसतो. आणि मुलतानीचा प्रश्न पुन्हा येतो तो येथें. प्रेमाची शरणागति सेनापतीनें बोलावयाची आहे; भीमपलासी ती आर्जवानें बोलते, मुलतानींत मात्र त्या आर्जवाखालीं मान दुखावल्याचा एक ताण राहतो. नाटकाचें नांव मान आणि अपमान या दोहोंवर आहे. तेव्हां राग बदलणाऱ्यानें नाटक वाचलें होतें, असें आम्ही म्हणतों. टेंब्यांच्या चालीचा सुखदपणा आम्हांस प्रिय आहे; परंतु धैर्यधराचा स्वभाव दुसऱ्या पाठांत अधिक उतरला आहे, हा आमचा निवाडा.

‘रणदुंदुभि’ व ‘संन्यस्त खड्ग’ यांच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. बुवा ग्वाल्हेरच्या तालमीचे, चिजांचे कोठार; आणि त्यांनीं या तरुणाचा गळा ओळखून चाली बांधल्या असें पदोपदीं जाणवतें. येथें मूळ पाठ व गायिलेला पाठ यांत भांडण नाहीं. तेजस्विनी ही स्त्रीभूमिका, पण तिच्या तोंडीं पारतंत्र्याची वेदना व स्वातंत्र्याची हांक. स्त्रीवेषांतील पुरुष वीररस गातो, आणि प्रेक्षकांस तें खटकत नाहीं, उलट अंगावर कांटा येतो. याचें कारण गायकीचा जोर हें तर आहेच. पण काळही तसा होता. 1927 हें वर्ष आमच्या प्रांतास विसरतां येण्यासारखें नाहीं. त्याच वर्षीं 20 मार्च रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्याच वर्षीं सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेलें ‘शिवभारत’ प्रसिद्ध झालें. त्याचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधि पोलादपुरास आहे. आम्ही या तिन्ही गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडीत नाहीं, तसा तो नाहींही. परंतु परवशतेचा प्रश्न त्या वर्षीं तळ्यावर, पोथींत आणि रंगभूमीवर सारखाच जागा होता, आणि नाट्यगृहांत तो ज्या आवाजानें विचारला तो आवाज कलावंत समाजांत जन्मलेल्या तरुणाचा होता. त्या काळीं अशा घरांतील मुलांस समाजांत कोठें उभें राहूं देत व कोठें देत नसत हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं तेजस्विनीचीं पदें पुन्हा ऐकावीं.

दोषपक्षाचेंही निदान एक स्थळ सांगितलें पाहिजे. करुण व मृदु शृंगाराच्या पदांत दीनानाथांची तान पुष्कळदां शब्दाच्या आधीं येते. वाक्याचा अर्थ पुरा होण्यापूर्वीं गळा धांवूं लागतो; कर्ता ऐकूं आला, क्रियापद तानेंत वाहून गेलें. ज्यांनीं वर्गांत अन्वय लावण्यांत आयुष्य घालविलें त्यांच्या कानास हें टोंचल्याशिवाय राहत नाहीं. बालगंधर्व येथें निःसंशय वरचढ होते. त्यांच्या गाण्यांत शब्द हा स्वरांचा धनी राहतो. दीनानाथांच्या भक्तांनीं हा भेद मान्य करण्यांत कमीपणा मानूं नये. विजेचें काम दिव्यानें होत नाहीं, तसें दिव्याचें काम विजेनेंही होत नाहीं.

बैठकीचा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि येथें पुराव्याची प्रतवारी करणें अवश्य आहे. राजवाड्यांनीं आम्हां सर्वांस बखर व अस्सल कागद यांतील अंतर शिकविलें. दीनानाथांविषयींच्या आठवणी, त्यांत चिंतामणराव कोल्हटकरांचें ‘बहुरूपी’ हें आत्मवृत्त धरून, बखरीच्या जातीचा पुरावा होय : सहवासाचा, म्हणून मोलाचा, उत्तरकालीन, म्हणून तपासून घेण्याचा. अस्सल कागद म्हणजे लाखेची तबकडी. ती गाणाराच्या हयातींतली, त्याच्याच गळ्याची, मागाहून कोणी लेखणी न फिरविलेली. परंतु अस्सल कागदही सर्व कांहीं सांगत नाहीं. तबकडीची एक बाजू सुमारें सव्वातीन मिनिटांची. जें पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत वाढत जाई तें इतक्या वेळांत कोंबावयाचें; जी चीज बैठकींत तासभर फुलावयाची तिचा मुखडा, दोनचार आलाप व मूठभर ताना घेऊन संपवावयाचें. सनदेचा केवळ शिक्का हातीं आला, मजकूर फाटला, अशी ती स्थिति. म्हणून ज्या लेखकांनीं तबकड्या ऐकून ‘यांस विस्तार येत नव्हता’ असा निकाल दिला आहे त्यांस आम्ही विचारतों, विस्तारास जागा कोठें होती? आणि ज्यांनीं याच तबकड्यांवरून ते तत्कालीन थोर बैठकीच्या गवयांच्या पंक्तीस बसतात असें ठरविलें, त्यांच्याही निकालास आधार तितकाच तोकडा आहे.

तबकड्यांवरून जें निश्चयानें म्हणतां येतें तें इतकें : नाटकाच्या पदांखेरीज रागदारीच्याही कांहीं चिजा त्यांनीं मुद्रित केल्या, त्यांत स्वराचें स्थान पक्कें आहे, तीन्ही सप्तकांत आवाज सारखा फिरतो, लयीवर हुकमत आहे, आणि तानांची जात नाट्यपदांतल्यासारखीच आहे. म्हणजे बैठकीसाठीं एक गाणें व रंगभूमीसाठीं दुसरें, असा दुटप्पी व्यवहार त्यांनीं ठेविला नव्हता. यांतच त्यांचें बळ व त्यांची मर्यादा दोन्ही आहेत. येथें शार्ङ्गदेवाच्या दोषयादींतील एक नोंद सांगण्याचा मोह आवरत नाहीं. डोळे मिटून गाणारा तो ‘विनिमीलक’, हा पंचविसांतला एक दोष. आजच्या बैठकींत डोळे मिटले म्हणजे समाधि लागली असें आपण समजतों, आणि मान वांकडी करणाऱ्या ‘वक्री’स तर दाद देतों! रंगभूमीवर वाढलेल्या गायकास हे दोष परवडत नाहींत. त्यास समोरच्या पात्राकडे पाहून गावें लागतें. नाट्यगायनानें बैठक बिघडविली असें म्हणणारांनीं हीही बाजू मोजावी.

शिष्यशाखा पाहतां या गायकीचा वंश खुंटला नाहीं. घरच्या मुलांनीं तिचा वारसा निरनिराळ्या वाटांनीं चालविला हें सर्वविश्रुतच आहे. घराबाहेर वसंतराव देशपांडे (1920–1983) यांनीं दीनानाथांची आक्रमक तान आत्मसात केली, आणि 1967 सालच्या ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकांतील खांसाहेबांच्या भूमिकेंत ती पुन्हा रंगभूमीवर आली. तें नाटक एकविसाव्या शतकांत त्यांच्या नातवानें पुन्हा उभें केलें. म्हणजे पाठपरंपरा तीन पिढ्यांपर्यंत सिद्ध होते. याहून विस्मयकारक शाखा मात्र खेड्यापाड्यांत आहे. पोलादपूर व महाड तालुक्यांतील वारकरी भजनी मंडळींत नाट्यपदांच्या चालींवर अभंग म्हणण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या गिरणगांवांतून सणासुदीस गांवीं येणाऱ्या चाकरमान्यांनीं ती पोसली. त्यांतील पुष्कळांनीं ‘मानापमान’ पाहिलें नाहीं, दीनानाथांचें नांवही कित्येकांस ठाऊक नसेल. चाल मात्र राहिली. कर्त्याचें नांव गळून पाठ टिकावा, ही आपल्या प्राचीन वाङ्मयाची जुनीच खोड येथेंही दिसते.

आणि याच कारणास्तव हा लेख आम्ही या त्रैमासिकाकडे धाडला. संयुक्त ‘मानापमाना’स शंभर वर्षें पूर्ण झालीं त्याच महिन्यांत, 22 जुलै 2021 रोजीं, सावित्रीचा पूर महाडांत शिरला. त्याच दिवशीं तळियें येथें डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं माणसें गेलीं. माणसें गेलीं तेथें कागदांचें दुःख काय सांगावें. पण सांगितलें नाहीं तर तेंही बुडेल. पाणी ओसरल्यावर लोकांनीं घरांतून चिखल काढला, आणि त्या चिखलाबरोबर जें फेंकलें गेलें त्यांत पोथ्या थोड्या, कारण पोथी ओलीं झाली तरी हात जोडून उन्हांत ठेवण्याचा संस्कार आहे. पदांच्या पुस्तिका, नाटकाच्या जाहिराती, हस्तलिखित चोपड्या, तबकड्या यांस तो मान नाहीं. संग्राहकांनींही तो दिलेला नाहीं. मोडी दप्तराच्या एका रुमालासाठीं आठ कोस चालणारे आमचे कांहीं स्नेही पदपुस्तिकांचा गठ्ठा रद्दीवाल्यास देतांना आम्हीं पाहिले आहेत.

लाखेच्या तबकडीसंबंधीं एक व्यावहारिक गोष्ट येथें नमूद करतों. पाण्यानें मधली कागदी चकती सुटून जाते, व मालक समजतो कीं आतां ओळख पटावयाची नाहीं. तसें नाहीं. चकतीच्या भोंवतालच्या रिकाम्या जागेंत तबकडीच्या अंगावरच मुद्रणाचा आंकडा उमटलेला असतो. भिंगानें वाचतां येतो, आणि त्यावरून गायक व चीज लावतां येते. ताम्रपटावरील कडी हरवली तरी अक्षरें राहतात, तसेंच हें. तबकडी कोमट पाण्याखेरीज कशानें धुऊं नये. मद्यार्कानें लाख विरघळते. सुकवितांना उभी ठेवावी, एकीवर एक रचूं नये, उन्हांत तर मुळींच ठेवूं नये, कारण ती वांकते. पदपुस्तिकेचीं पानें ओलीं असतांना सोडवूं नयेत. टीपकागद घालून सावलींत वाळवावीं, आणि समासांतील पेन्सिलीच्या अक्षरांवर रबर किंवा ओला बोळा फिरवूं नये. शाईपेक्षां पेन्सिल पाण्यांत अधिक टिकते. आमच्या पुस्तिकेंत छापील मजकुरावर डाग पडले आहेत, ‘मुलतानी’ हीं अक्षरें स्वच्छ आहेत.

ज्यांच्या संग्रहीं ‘मानापमान’, ‘रणदुंदुभि’ वा ‘संन्यस्त खड्ग’ यांच्या पदांच्या जुन्या पुस्तिका असतील त्यांनीं प्रत्येक पदाच्या माथ्यावरील राग, ताल व चाल यांचा उतारा, पुस्तिकेच्या आवृत्तीचें वर्ष आणि समासांतील हस्ताक्षराच्या नोंदी या त्रैमासिकाच्या संपादकांकडे धाडाव्या. तबकड्या असल्यास वर सांगितलेला आंकडा दोन्ही बाजूंचा लिहावा. विशेषतः धैर्यधराच्या पदांचे छापील राग निरनिराळ्या आवृत्त्यांत बदलले आहेत काय, आणि बदलले असल्यास कोणत्या वर्षापासून, हें आम्हांस ताडून पाहावयाचें आहे.